न येण्याचे चार हजार

तुळशीचं लग्न लागलं की सात रस्त्याजवळच्या माझ्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, लग्नाला जाणं होणार नाही. आहेर किती पाठवायचा?" अर्थात एवढ्यासाठी कुणी समुपदेशकाकडे येत नाही. येतात झोप लागत नाही म्हणून, छातीत धडधडतं म्हणून. चौथ्या-पाचव्या वाक्याला पर्समधून पत्रिका निघते.

त्यात हे सोलापूर. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं लग्न लागतं, तेव्हा अक्षता टाकायला सगळं गाव लोटतं. कुणाला पत्रिका नसते. अशा गावात हातात पत्रिका असून घरी बसणं जड जाणारच.

एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून. मामेभाऊ भिवंडीला स्थायिक. त्याच्या मुलीचं लग्न भिवंडीतच, आणि त्याच आठवड्यात ताईंच्या लेकीचे दिवस भरत होते. पहिलं बाळंतपण, लेक माहेरी आलेली. याहून सबळ कारण कोणतं असणार? तरी तीन आठवडे ताईंचा डोळ्याला डोळा नव्हता आणि भावाला एक फोन झाला नव्हता.

"आमचे हे म्हणतात, मोबाइलवरून 5,001 टाक अन् विषय संपव. सासूबाई म्हणतात, पैसे कुणी बघत नाही, माणूस बघतात. मी काय करू सांगा की."

मी लगेच सांगितलं नाही. पुढच्या वेळी येताना आहेराची वही घेऊन या, म्हटलं.

कुटुंबोपचारातले एक जुने तज्ज्ञ, बोसोरमेन्यी-नॉज, नात्यांतल्या न दिसणाऱ्या जमाखर्चाबद्दल बोलत. त्यांना तो दिसायचा नाही. आपल्याकडे लाल पुठ्ठा घालून कपाटात ठेवलेला असतो. एवढ्या वर्षांत या वहीनं मला जितकी मदत केली, तितकी कुठल्या प्रश्नावलीनं केली नाही.

ताईंनी लेकीच्या लग्नाची वही उघडली. भावाच्या नावापुढे 1,001.

"मग तुमचे 5,001 कशाचे?"

"तेवढ्यात काय होतंय आता, मॅडम? महागाई..."

"महागाईचे किती धरायचे?"

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बाकीचे... न येण्याचे."

"म्हणजे दंड?"

त्या हसल्या आणि हसता हसताच डोळे पुसायला लागल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तसाच राहिला. मग विचारलं, "त्या लग्नात भाऊ काय करत होता?"

मे महिना. कार्यालयाच्या बोअरचं पाणी हळदीच्या रात्री संपलं. आचारी भांडी पालथी घालून बसला. हा भाऊ कुणाला न सांगता गेला आणि रात्री अकराला टँकरच्या केबिनमध्ये बसून परत आला. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात मे महिन्यातला टँकर म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

"हे वहीत कुठंय?" मी विचारलं.

ताईंनी खरंच पानं उलटून पाहिली.

पैशांत न फिटणारं देणं त्या पैशांत फेडायला निघाल्या होत्या, म्हणून कुठलाच आकडा पुरत नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांचं असंच असतं.

फोन माझ्यासमोरच लावला. "आप्पा, मला यायला जमणार नाही रे," म्हणून पुढे टँकरचं सगळं सांगत बसल्या. पलीकडून आवाज आला, "अक्का, लेकीला सांभाळ तू. फक्त रुखवतात ठेवायला तुझ्या हातची शेंगाचटणी पाठव. इकडं मिळती ती नुसती भुकटी."

मला विचाराल, तर आधी फोन, मग आहेर. फोन स्वतः करायचा, पत्रिका आल्यावर दोन-चार दिवसांत. पंगतीचा आकडा ठरायच्या आत कळलं तर यजमानाचंही ताट वाया जात नाही. घरातला एक माणूस जाऊ शकत असेल तर पाकीट त्याच्या हाती द्यावं. रक्कम वही आणि आपला खिसा बघून ठरवावी, गैरहजेरी बघून नव्हे. मोबाइलवरून पाठवायची तर आदल्या दिवशी पाठवावी आणि सोबत आपलं नाव, गाव लिहावं. लग्नाच्या दिवशी वधूपित्याचा फोन कुणाच्या खिशात असतो ते त्यालाही ठाऊक नसतं. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापलं असेल, तर घरी बसूनही पाठवू नये. त्यापेक्षा जोडपं देवदर्शनाला अक्कलकोट-तुळजापूरकडे आलं की जेवायला बोलवावं, मुलीची ओटी भरावी. लग्न होऊन दोन महिने उलटले असले तरी चालतं. आणि कारण एकदाच सांगावं. तीन-तीनदा सांगितलेलं खरं कारणही खोटं वाटायला लागतं.

ताईंचा मुलगा भिवंडीला गेला. पाकिटात 2,001, एक चादर आणि चटणीचे दोन डबे. हळदीच्या दिवशीच ताईंना नात झाली. बातमी कळताच मांडवातून भावाचा फोन आला, मागे सनई-चौघडा.

"अक्का, घरात पाणी आहे का? का टँकर पाठवू?"