पोलंडमध्ये नव्याने राहायला येताना

पोलिश भाषेच्या सातही विभक्ती पहिल्याच महिन्यात पाठ करण्याचा तुमचा बेत असेल, तर तो तूर्त बाजूला ठेवावा. त्याआधी अनोळखी प्रौढांशी ‘पान’ (श्रीमान) किंवा ‘पानी’ (श्रीमती) असे आदराने बोलण्याची सवय लावून घ्यावी, कारण समोरच्याने सुचवण्यापूर्वीच एकेरीवर येणे तिथे उद्धटपणाचे मानले जाते. दुकानदार हसला नाही, तर तो रागावला आहे असे समजू नये.

इतिहासाबाबत मात्र सावध राहावे. १७९५ ते १९१८ या काळात रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतलेला हा देश नकाशावर स्वतंत्र राज्य म्हणून नव्हताच, आणि त्या काळात भाषा व कॅथलिक चर्च यांनीच मोठ्या प्रमाणावर पोलिश अस्मिता टिकवली, हे ध्यानात घेतल्यास त्यांचा भाषाभिमान उमगतो. नवखे लोक आउशवित्झला ‘पोलिश छळछावणी’ म्हणतात, ही चूक कटाक्षाने टाळावी. ती छावणी नाझी जर्मनीनेच, स्वतः व्यापलेल्या पोलिश भूमीवर उभारली होती. १ ऑगस्टला सायंकाळी ५ वाजता वॉर्सात १९४४च्या नाझींविरुद्धच्या उठावाच्या स्मरणार्थ भोंगे वाजले, की आपणही थांबावे.

दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात हजारो पोलिश निर्वासित राहिले होते. वडीलधाऱ्यांशी संवादाची सुरुवात तिथून खुशाल करावी.