हेडफोन निवडताना आधी आवाज सारखा कर
भाऊ, संभाजीनगरला दुकानात दोन हेडफोन लावून बघशील, तेव्हा आधी दोन्हींचा आवाज एका पातळीवर आण. एखाद-दोन डेसिबलनं मोठा वाजणारा कानाला उगाच सरस वाटतो; बहुतेक जण तिथंच फसतात. त्यात एकाच फोनवर ३२ ओहमचा (ओहम म्हणजे हेडफोन विजेला करतो त्या अडथळ्याचं माप) बहुधा मोठा वाजतो अन् ३०० ओहमचा दबून. मग वाईट कोणता, हे कसं ठरवणार?

गाणं रोजच्या ऐकण्यातलंच घे. माझी पसंती तुळजाभवानीच्या गोंधळाला. संबळाचा जाड अन् बारीक ठोका वेगवेगळा कळला पाहिजे, तुणतुण्याची तार कानाला टोचता कामा नये. तुकडा छोटा ठेव, लगेच दुसरा हेडफोन लाव. बारकावे कानात फार वेळ टिकत नाहीत. चष्मा असेल तर घालूनच ऐक, कानावरच्या गादीला फट राहिली की बेस निसटतो.