नाटकावरून बनलेला असूनही नाटकी वाटत नाही असा जुना हॉलिवूड प्रेमविनोदी चित्रपट कोणता?

आपण प्रश्नात म्हटले आहे की, गाजलेल्या नाटकांवरून निघालेले जुने विनोदी चित्रपट पाहताना एका खोलीत बसून संवाद ऐकल्यासारखे वाटते, आणि याला अपवाद असलेले एखादे उदाहरण हवे आहे. माझे उत्तर ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (1940) हे आहे. मिक्लोश लास्लो या हंगेरियन नाटककाराच्या, इंग्रजीत ‘परफ्युमेरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 1937 सालच्या नाटकावरून सॅमसन राफेलसन यांनी त्याची पटकथा लिहिली आणि अर्न्स्ट लुबिच यांनी तो दिग्दर्शित केला.

नाटकातले सुगंधी द्रव्यांचे दुकान पडद्यावर चामड्याच्या आणि भेटवस्तूंच्या दुकानात बदलले, पण शहर बुडापेस्टच राहिले आणि दुकानाच्या पाटीवरची अक्षरेही हंगेरियनच. या दुकानातला मुख्य विक्रेता क्रालिक (जेम्स स्ट्युअर्ट) आणि नव्याने लागलेली क्लारा (मार्गारेट सलवान) यांचे दिवसभर खटके उडतात. आणि हीच दोघे, एकमेकांचे नाव न कळवता, ‘प्रिय मित्र’ अशा मायन्याने एकमेकांना पत्रे लिहीत असतात. आपण 1998 सालचा ‘यू हॅव गॉट मेल’ पाहिला असेल, तर हे सूत्र ओळखीचे वाटेल, कारण तो याच कथेवर बेतलेला आहे.

नाटकाचा चित्रपट करताना पात्रांना घराबाहेर काढून बागेत, रस्त्यावर, आगगाडीत फिरवण्याची जी सर्रास पद्धत आहे, तिच्या वाटेला लुबिच फारसे गेलेच नाहीत. चित्रपटाचा बराचसा भाग दुकानातच घडतो. त्यांनी बदलले ते प्रेक्षकाचे अंतर. मी अनेक वर्षे हौशी रंगभूमीवर काम केले आहे, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोहोचवण्यासाठी नटाला तो किती मोठा करावा लागतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच टपालकचेरीतला प्रसंग मला प्रत्येक वेळी थक्क करतो. ठरलेल्या संध्याकाळी तो मित्र कॅफेत आलेला नसतो, निदान क्लाराची तशी समजूत असते. नंतर टपालकचेरीत भिंतीतल्या खणांच्या आतल्या बाजूने कॅमेरा पाहत असतो. क्लाराच्या खणाचे झाकण उघडते, हातमोजा घातलेला तिचा हात आत येतो, बोटे रिकामा तळ चाचपतात आणि हात मागे जातो; मग त्या चौकोनात तिचा चेहरा दिसतो, खरेच काही नाही ना, हे पुन्हा एकदा पाहणारा. काही सेकंदांचा हा प्रसंग, त्यात एक शब्दही नाही. आणि रंगमंचावर तो करताच येणार नाही, कारण तिथे प्रेक्षकाला खणाच्या आत बसवता येत नाही.

याचा अर्थ नाटकाचे गुण टाकून दिले आहेत असा मात्र नाही. मालक मातुशेक कोणाचेही ‘प्रामाणिक मत’ विचारू लागले की, पिरोविच हा बालबच्चेवाला विक्रेता जिन्यावरून निमूटपणे पसार होतो. एन्ट्री-एक्झिटच्या वेळेवर बेतलेली ही निव्वळ नाटकातली गंमत आहे, आणि लुबिच यांनी ती तशीच जपली. ते स्वतः बर्लिनमध्ये माक्स राइनहार्ट यांच्या नाटकमंडळीत नट होते. शिवाय त्यांच्या वडिलांचा कपडे शिवण्याचा व्यवसाय होता. मालकाची मर्जी, पगार, नोकरी जाण्याची भीती हे सारे या चित्रपटात इतक्या आतल्या ओळखीने येते, त्याचे मूळ मला तिथेच दिसते.

आणि इथे विनोदाच्या तळाशी खरे दुःख आहे. आपल्या पत्नीचे दुकानातल्या कोणाशी तरी संबंध आहेत असे कळल्यावर मातुशेक यांचा संशय क्रालिकवर जातो, ते त्याला कामावरून काढतात, आणि खरा माणूस दुसराच होता हे समजल्यावर ते पिस्तूल हाती घेतात. पेपी हा निरोप्या पोऱ्या ऐन वेळी पोहोचतो म्हणून ते वाचतात. फ्रँक मॉर्गन यांनी ही भूमिका अशी केली आहे की, प्रेमिकांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून थोडा अधिक, हा एकाकी म्हातारा माझ्या मनात राहतो.

चित्रपट आपण पाहालच, तेव्हा दोन दृश्ये शेजारी ठेवून पाहावीत अशी विनंती आहे. सुरुवातीला सकाळी सारे नोकर दुकानाबाहेर उभे राहून मालकाची वाट पाहतात. शेवटी, नाताळच्या आदल्या रात्री, बर्फ पडत असताना मालकच दुकानाबाहेर उभे असतात आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाला, आज जेवायला कुठे, असे सहज विचारल्यासारखे विचारतात. प्रत्येकाला कोणी ना कोणी आहे. मग रूडी नावाचा नवा पोऱ्या येतो, ज्याचे या शहरात कोणीच नाही. मातुशेक त्याला भाजलेल्या हंसापासून काकडीच्या कोशिंबिरीपर्यंत एकेक पदार्थ आवडतो का, असे विचारत जातात, पोराचे डोळे मोठे होत जातात, आणि दोघे मिळून जेवायला निघतात.