उशीवरचे केस

प्रश्न : पत्नीला (वय ४१) स्तनाचा कॅन्सर आहे. दोन केमो झाल्या. घरकाम, मुलीचा अभ्यास, नातेवाइकांचे फोन, औषधं, सगळं मी अंगावर घेतलंय. तिला वाईट वाटू नये म्हणून उशीवर पडलेले केसही ती उठायच्या आत गोळा करून टाकतो. ‘पॉझिटिव्ह राहा, होशील बरी,’ असं सतत सांगतो. तरी ती माझ्यावरच खेकसते, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मी कुठे कमी पडतोय?

उत्तर : कमी नाही हो, जरा जास्तच करताय.

केस जातायत हे कळायला तिला उशी कशाला बघायला हवी? डोक्यावरून हात फिरवला तरी मुठीत येत असतील. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत ते गळायला लागतात, हे डॉक्टरांनी तुम्हा दोघांनाही सांगितलेलं असणार. म्हणजे तिला माहीत, तुम्हाला माहीत, आणि रोज सकाळी उशी मात्र स्वच्छ. तिला रडायचं असेल तर तिनं रडावं कशावर?

‘पॉझिटिव्ह राहा’चा मला, खरं सांगते, राग येतो. मन खंबीर ठेवलं की गाठ विरघळते, असं काही सिद्ध झालेलं नाही. उलट आजारी माणसाला वाटत राहतं, आपण घाबरलो म्हणजे आपणच उपचार बिघडवले. ती ‘भीती वाटते’ म्हणाली तर ‘मलाही’ म्हणा आणि गप्प बसा. वाटते ना तुम्हालाही? एवढ्या पत्रात ते तेवढं लिहायचं राहिलंय.

खेकसणं सगळंच तुमच्यावरचं नसतं. उलट्या होऊ नयेत म्हणून केमोसोबत बहुतेकदा स्टेरॉइड देतात; त्यानं डोळ्याला डोळा लागत नाही, चिडचिड होते. मागोमाग थकवा येतो, आणि तो झोप काढून जाणारा नसतो. एक वही आणा. केमोनंतरचा कितवा दिवस, कसं वाटलं, दोन ओळी पुरेत. पण लिहील ती, तुम्ही नाही. पुढच्या खेपेला कोणत्या दिवशी कुणाला भेटायचं, हे तिचं तीच ठरवेल.

एका बाबतीत मात्र तिचं ‘काही नाही, होईल कमी’ ऐकू नका : ताप. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या काळात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्या असतात. पारा १००.४ फॅरनहाइटला टेकला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, लगेच हॉस्पिटलला फोन करायचा. तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही.

नातेवाइकांचे फोन तुमच्याकडेच ठेवा, तिला विचारून. ते तिला नकोच असतील. मुलीचा अभ्यास मात्र तिचा तिला परत द्या. आजारानं तिच्या हातातून बरंच काढून घेतलंय, उरलेलं तुम्ही प्रेमानं काढून घेतलंत. दहा मिनिटांत दमली तर दहा मिनिटं. तेवढ्यात तुम्ही बाहेर एक फेरी मारून या, आणि आल्या आल्या ‘दमलीस का?’ विचारू नका.