शीट कुठे आहे, पोरी?

पोरी,

काल फोनवर तुझा आवाज भरून आला, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. श्रावणातल्या भुईआवळ्याच्या अर्कानं एमसीएफ-७ पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी, मेल्या, दिवाळीनंतरच्यानं ढिम्म काही झालं नाही. आणि गाईड म्हणतात, पहिलाच डेटा लिही. मी एकच विचारलं, हर्बेरियम शीट, म्हणजे त्याच झाडाचा दाबून-वाळवून कागदावर चिकटवलेला, ओळख लिहिलेला नमुना, कुठे आहे? तू गप्प.

अगं, भुईआवळा म्हणजे कुठला? रावेरकडे केळीच्या बागेत निंदणाऱ्या बाया जो भारा उपटून देतात, त्यात फिलँथसच्या, म्हणजे भुईआवळ्याच्याच कुळीतल्या, दोन-तीन जाती सहज असतात. भिंगाखाली फुलाची निदलं, म्हणजे बाहेरची हिरवट पानं, मोज: अमारस जातीला ५, फ्रॅटर्नसला ६. दोन मिनिटांचं काम. आणि त्या बागेत फवारणी कधी झाली होती, विचारलंस? पेशी औषधाच्या फवाऱ्यानंही मरतात.

तुझा आयसी-५०, म्हणजे निम्म्या पेशी रोखायला लागणारी मात्रा, आहे मिलिलिटरला १८० मायक्रोग्रॅम. कच्चा अर्क २०-३० मायक्रोग्रॅमच्या आत आला तर लोक वळून बघतात. शिवाय भुईआवळ्यात टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, भरपूर. जिवंत पेशी मोजायची पिवळी एमटीटी त्या पेशींमुळे जांभळी होते, पण टॅनिनांमुळे ती पेशी नसलेल्या प्लेटच्या खळग्यातही जांभळी होऊ शकते. बिनपेशींचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, लाव, अर्क विरघळवायच्या डीएमएसओचा लाव, निरोगी पेशींवरही बघ. हे तुला येतं. पण शीट नसेल तर हा सगळा खटाटोप कुठल्या झाडाचा?

सदाफुलीचा दाखला मला देऊ नकोस. तिच्यातल्या व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाचा एखादा ग्रॅम काढायला शेकडो किलो पाला लागायचा. तेच झाड पुन्हा पुन्हा आणता आलं, म्हणून तर ते औषध झालं.

माझ्या कपाटात एक बरणी आहे. चिठ्ठीवर 'तोरणमाळ-४', बस्स. एका भिल्ल म्हाताऱ्यानं दिलेली मुळी. शहाद्याची एसटी निघायची वेळ झाली होती, म्हटलं, शीटसाठी फांदी पुढच्या खेपेला दाबू. अर्क असा निघाला की प्लेट बघून मी जेवायचं विसरलो. पुढच्या वर्षी गेलो तर बाबा वारले होते. त्यांच्या मुलानं तीन वेगवेगळी झुडपं दाखवली. तिन्हींच्या अर्कांनी काहीच झालं नाही. तो पेपर मी छापला नाही. बढती हुकली, घरातही बोलणी खाल्ली. सहकारी म्हणाले, मुळी एवढंच लिहून टाकायचं होतं. नसतं जमलं मला. हट्टी म्हण, काय म्हणायचं ते म्हण. त्यांच्या नावापुढे पेपरांची रांग आहे, माझ्याकडे बरणी आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. म्हणजे, रोज वाटत नाही.

गाईडशी भांडू नकोस. एवढंच सांग, पुण्याच्या वनस्पती सर्वेक्षणाकडून ओळख येईपर्यंत थांबते.

रविवारी सकाळी घरी ये. भुईआवळा मुळासकट, फुला-फळांसकट आण, दोन्ही बागांमधला वेगवेगळ्या पिशवीत. रद्दी भरपूर साठवलीय, दाबायला पाटा आहे. कागद रोज बदलायचे, ते मी बदलीन. काकूनं कळण्याची भाकर करायचं कबूल केलंय.

तुझा सर