चित्रकलेवरचं पुस्तक तासाभरात चाळून संपतं. ते नीट वाचायचं कसं?

हौसेनं घेतलेल्या जाडजूड पुस्तकातली चित्रं बघून होतात आणि मजकूर तसाच राहतो, असं तुम्ही लिहिलंय. मी साताऱ्याचा. चित्रकलेचं शिक्षण वगैरे काही नाही, पण अशा पुस्तकांचा नाद जुना आहे.

मजकूर वाचताना एक बोट चित्रावर ठेवायचं. ‘उजेड डावीकडून येतोय’ असं वाक्य आलं की थांबून तो उजेड चित्रात शोधायचा. नाही सापडला तर लेखकाशी मनातल्या मनात भांडायचं. निम्मी मजा त्यातच आहे. एका बैठकीत दोन-तीन चित्रं झाली तरी खूप झालं.

सगळ्यात दुर्लक्षित असते ती चित्राखालची बारीक ओळ : माध्यम, वर्ष, माप. मोनालिसा जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरची, लाकडी फळीवर रंगवलेली. पिकासोचं १९३७ सालचं ‘गेर्निका’ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. पुस्तकात दोन्ही पानाएवढीच! म्हणून मी टेप घेऊन भिंतीवर माप धरून बघतो. ‘गेर्निका’ आमच्या हॉलमध्ये मावत नाही. घरचे हसतात, हसू देत. आणि तेच चित्र जोडपानावर छापलं की मधला घोडा नेमका बाइंडिंगच्या शिवणीत जातो.

आर्ट पेपर ट्यूबलाइटखाली नुसता चकाकतो, त्यामुळे दिवसा खिडकीशी बसलेलं बरं.

जमलं तर रहिमतपूरवरून आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन या. तिथलं श्री भवानी संग्रहालय १९३८ साली औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलं. हा राजा स्वतः चित्रकार, १९१६ चं ‘चित्ररामायण’ त्यांचंच. इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्प इथे, खटाव तालुक्यात आहे, हे सांगितलं तर बाहेरच्या लोकांना खरं वाटत नाही. रविवर्म्याची मूळ तैलचित्रंही तिथे आहेत. आपल्याला रविवर्मा माहीत असतो तो घरातल्या छापील तसबिरींमुळे. मूळ चित्राकडे जरा बाजूनं, तिरकं बघा. ब्रशचा फटकारा, रंगाचा थर दिसतो, तो छपाईत पार सपाट होऊन जातो. पुस्तकातलं रविवर्म्याचं प्रकरण मात्र तिथून आल्यावरच वाचा. आधी वाचलं तर लेखकानं सांगितलं तेवढंच दिसतं.