रेझिस्टन्स वाढला म्हणजे अँटिबायोटिकचा धंदा वाढणार का? वाचकांचे प्रश्न

मी फार्माकॉलॉजी शिकवतो, अधूनमधून औषध कंपन्यांना सल्लाही देतो, त्यामुळे निपाणीपासून खानापूरपर्यंतचे लोक मला धंद्याचे प्रश्न पाठवतात. हल्ली त्यातले निम्मे एकाच गैरसमजातून येतात: जंतू औषधांना दाद देईनासे झालेत (हाच तो रेझिस्टन्स), म्हणजे औषध जास्त लागणार, म्हणजे यात पैसा आहे. म्हणून यावेळी तेवढेच प्रश्न घेतलेत.

सर, मी बी.फार्म आहे, निपाणीत राहतो. चंदीगडकडची एक पीसीडी कंपनी (आपल्या नावाची औषधं भागवार विकायला देणारी) चिकोडी-निपाणीचे मोनोपॉली राइट्स देतो म्हणते, पहिली ऑर्डर तीन लाखांची. रेंजमध्ये बहुतेक अँटिबायोटिकच आहेत. रेझिस्टन्समुळे मार्केट वरच जाणार असं त्यांचं म्हणणं. उतरू का?

नको. कारण सांगतो, जरा लांबेल.

त्यांची रेट लिस्ट समोर घ्या. एमआरपी शंभराच्या पुढं आणि नेट रेट वीसच्या आसपास असल्या ओळी त्यात दिसतील आणि तुम्हाला वाटेल मधला सगळा फरक आपला, पण तो वाटायचा असतो, दुकानदाराला स्कीम, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याला काय काय ते तुम्हाला कंपनीचा माणूस कानात सांगेल. मार्च २०२४ च्या मार्केटिंग कोडमध्ये डॉक्टरांना भेटवस्तू नि फिरायला नेणं मना केलंय, ते तो सांगणार नाही. मोनोपॉली म्हणजे तरी काय, त्या एका नावाची मोनोपॉली. आतलं सेफिक्झिम हे अँटिबायोटिक त्याच कारखान्यात आणखी दहा नावांनी पॅक होतं, आणि त्यातली दोन-तीन नावं तुमच्या तालुक्यात आधीच फिरत असतील.

मग कॉम्बिनेशनं. यादीतली निम्मी औषधं दोन-तीन घटकांची जोडलेली असतात, कारण सरकारच्या किंमत नियंत्रणाच्या यादीत साधं औषध असतं आणि त्याला शेपूट जोडलं की ते यादीतलं राहत नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट ह्या अँटिबायोटिकमध्ये लॅक्टोबॅसिलस, म्हणजे पोटातले चांगले जंतू, घालून विकतात ते बघा. २०१८ मध्ये ३२८ कॉम्बिनेशनांवर बंदी आली, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ वर, आणि बंदी आली की माल त्याच दिवशी मेला. तो परत कोण घेणार हे करारात लिहिलंय का? बहुतेक करारात नसतं. कारखान्याचंही विचारा. सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे दर्जाचे नियम, पाळायला छोट्या उत्पादकांना डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत वाढीव मुदत मिळाली होती, ती संपली. पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिनसाठी वेगळी जागा लागते, ती त्यांच्याकडे आहे का याचा कागद मागा. फोनवरची हमी म्हणजे कागद नव्हे.

आता माझ्या खऱ्या दुखण्याकडं येतो. अलीकडं मी बघितलेल्या अशा प्रत्येक लिस्टमध्ये फॅरोपेनेम वरच्या बाजूला असते, 'लेटेस्ट मॉलिक्यूल' म्हणून. अहो, ही मेरोपेनेम ह्या आयसीयूतल्या राखीव इंजेक्शनच्या भावकीतली तोंडावाटे घ्यायची गोळी. अमेरिकेत तिला मंजुरीच नाही, आणि आपल्याकडं ती घसा धरला, युरिनला जळजळ झाली की देतात. भीती अशी की ह्या गोळीनं तयार झालेले जंतू उद्या आयसीयूत मेरोपेनेमलाही जुमानणार नाहीत. बीपीची गोळी दहा वर्षं खपली म्हणून बीपी हट्टी होत नाही, अँटिबायोटिकचं तसं होतं, जितकं जास्त विकाल तितका तुमचाच माल निकामी, मग डॉक्टर पुढच्या औषधाकडं जातो आणि तुमच्या गोडाऊनमध्ये मागचं पडून. रेझिस्टन्सनं जुन्या स्वस्त औषधाचं मार्केट वाढत नाही, ते आतून कुजतं. 'मार्केट वरच जाणार' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, कुठल्या औषधाचं?

होलसेल करायचंच असेल तर आधी २०बी-२१बी लायसन्सची चौकशी औषध नियंत्रण खात्यात स्वतः जाऊन करा, एजंटामार्फत नको, आणि करार सीएला दाखवल्याशिवाय एक रुपया ट्रान्सफर करू नका.

शहापूरला माझं मेडिकल आहे. अॅझिथ्रोमायसिन एच-वनमध्ये नाही, मग चिठ्ठी नसली तरी चालतं ना?

चालत नाही. ते शेड्यूल एच ह्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत आहे, चिठ्ठी लागतेच.

एच-वन ह्या आणखी कडक यादीला त्यावर आणखी एक काम असतं: वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध नि किती दिलं ते, आणि ते तीन वर्षं जपायचं. हा नियम १ मार्च २०१४ पासून आहे. सेफिक्झिम, सेफपोडॉक्सिम, लिव्होफ्लॉक्सासिन, फॅरोपेनेम सगळी त्यात येतात. 'शेजारचा देतो, मी नाही दिलं तर गिऱ्हाईक जातं' हे मला लिहू नका, सगळेच लिहितात.

खानापुरातून विचारतो. कोल्हापूरचा स्टॉकिस्ट बेळगावपेक्षा स्वस्त देतो. महाराष्ट्रातून माल आणला तर बेकायदा होतं का?

लायसन्सवाल्याकडून, बॅच नंबर असलेल्या पक्क्या बिलावर आणला तर नाही. कच्च्या बिलावर, एसटीच्या पार्सलमधून आलेला माल घेऊ नका, तो कितीही स्वस्त असो. १ ऑगस्ट २०२३ नंतर बनलेल्या ठरावीक ३०० मोठ्या ब्रँडांवर क्यूआर कोड असतो, त्यातले असतील तर स्कॅन करून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्यामुळं कोण किती स्वस्त देतोय हे जुन्या बिलाशी ताडून ठरवू नका. बाकी तुमच्या टॅक्सवाल्याला विचारा.

टिळकवाडीत असतो, रिटायर्ड आहे. नवी अँटिबायोटिक शोधणाऱ्या कंपनीचे शेअर घ्यावेत असं पुतण्या म्हणतो. जगाला गरज आहे म्हणजे फायदा होणारच ना?

शेअरचा सल्ला मी देत नाही, सेबीकडं नोंदलेल्या सल्लागाराला विचारा. पण 'गरज आहे म्हणजे फायदा' हे वाक्य तपासून बघू.

गरज आहेच. २०१९ ह्या एका वर्षात जगात १२.७ लाख माणसं थेट रेझिस्टंट जंतूंमुळं गेली असा लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकातला अंदाज आहे. आणि तरी अमेरिकेत अकाओजेन नावाच्या कंपनीचं काय झालं बघा. त्यांच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली, रेझिस्टंट जंतूंमुळं होणाऱ्या युरिनच्या अवघड इन्फेक्शनवरचं औषध, आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं. त्या पहिल्या वर्षात दहा लाख डॉलरचीही विक्री झाली नव्हती. पुढं हक्क आपल्या सिप्लाच्या अमेरिकेतल्या कंपनीनं घेतले. २०१९ च्याच डिसेंबरात मेलिंटा ही दुसरी अँटिबायोटिक कंपनीही बुडाली. नोव्हार्टिससारखी मोठी कंपनी तर २०१८ मध्येच ह्या संशोधनातून बाहेर पडली.

कारण धंद्याचंच आहे. नवं चांगलं अँटिबायोटिक आलं की शहाणा डॉक्टर ते कपाटात ठेवतो, बाकी सगळं हरलं तरच काढतो, आणि काढलं तरी पेशंटला आठ-दहा दिवस देतो. शुगरची गोळी जन्मभर खपते. म्हणून इंग्लंडनं २०२२ मध्ये वेगळी रीत काढली, सेफिडेरोकॉल आणि सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टम ह्या दोन औषधांना दरवर्षी प्रत्येकी एक कोटी पौंडांपर्यंत ठरावीक रक्कम, मग औषध कितीही कमी वापरलं जावो. अमेरिकेतलं असंच विधेयक कित्येक वर्षं रखडलंय. आपल्याकडं तसं काही नाही आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलेत. पुतण्याला सांगा, कंपनीचं औषध किती भारी आहे ते नंतर, आधी त्याचे पैसे कोण नि कशाचे देणार ते शोध.

अथणीकडं आमच्या दहा म्हशी आहेत. कासदाहाला सडात सोडायच्या ट्यूबा दुकानातून आणून वापरतो. डेअरीवाला दूध परत करतो म्हणून धमकावतो. काय करू?

धमकी नाही ती, बरोबर बोलतोय तो. ट्यूब सोडल्यावर ठरावीक काळ दूध डेअरीला घालायचं नसतं, किती ते ट्यूबेवर आणि सोबतच्या पत्रकावर छापलेलं असतं, औषधागणिक वेगळं. घरी विरजण लावून दही नीट लागलं नाही तर संशय घ्या, अँटिबायोटिक दुधात उतरलं की विरजणातले जंतूही मरतात. पण दही लागलं म्हणजे दूध स्वच्छ असाही अर्थ काढू नका, थोडं औषध असलं तर लागतंही.

आणि खाद्यात 'वाढीसाठी' कोण काही घालायला सांगत असेल तर पुडीवरचं नाव वाचा. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जनावरांना द्यायला जुलै २०१९ पासून बंदी आहे. ट्यूब दुकानदारानं ठरवायची नसते, सरकारी पशुवैद्याला बोलवा, कास एकदा बघू दे त्यांना.

मी बेळगावात एम.फार्म करते. तुमच्या बोलण्यावरून ह्या क्षेत्रात काही उरलंच नाही असं वाटतं. संधी आहे की नाही?

आहे की. स्ट्रिपा विकण्यात नाही एवढंच मी म्हणतोय.

औषध शोधण्यात आपली माणसं खरोखर पुढं आलीत. वॉकहार्टचं नॅफिथ्रोमायसिन नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, न्यूमोनियासाठी, तीन दिवसांचा कोर्स. चेन्नईच्या ऑर्किडमध्ये शोधलेल्या एन्मेटाझोबॅक्टमला, सेफेपिमच्या जोडीनं, फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेची मंजुरी मिळाली. कच्च्या मालातही हालचाल आहे, पेनिसिलिन-जी आपण कित्येक वर्षं चीनकडून घेत आलो, पिंपरीचा सरकारी पेनिसिलिनचा कारखाना १९५४ चा असूनसुद्धा, आणि आता काकिनाड्याला अरबिंदोचा मोठा प्लांट उभा राहिलाय. चीननं भाव पाडला तर तो टिकेल का, ही धास्ती मात्र आहे.

पण तुमच्यासारखीला माझा कल विचाराल तर तपासणीकडं. तालुक्याच्या ठिकाणी कल्चर (नमुन्यातला जंतू वाढवून त्याला कुठलं औषध लागू पडतं ते बघणं) होत नाही, नमुना बेळगावला येतो, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस, तोवर पेशंटचं तिसरं अँटिबायोटिक चालू झालेलं असतं. हा वेळ जो कमी करेल त्याला काम आहे. हॉस्पिटलात क्लिनिकल फार्मासिस्टचं कामही वाढतंय. तुमच्या गाइडशी बोला, आणि आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांची संस्था बेळगावातच आहे, तिथं जाऊन प्रोजेक्टचं विचारून या. यूट्यूबवरच्या करिअरवाल्यांना नको.

आईच्या युरिन कल्चरमध्ये दोन इंजेक्शनं सोडून सगळ्यापुढं 'आर' (रेझिस्टंट) आलंय. ओळखीचा एमआर म्हणतो नवीन औषध मिळवून देतो. घेऊ का? हडलग्याहून.

एमआरकडून औषध घेऊ नका. आणि 'आर' बघून घाबरू नका, युरिनमध्ये जंतू निघाला पण ताप नाही, जळजळ नाही असं असेल तर वयस्कर माणसाला कित्येकदा औषध लागतच नाही. ताप, थंडी, कंबरेत दुखणं किंवा गोंधळल्यासारखं बोलणं असेल तर मात्र आजच न्या, उद्यावर ढकलू नका. जाताना मूळ रिपोर्ट आणि महिन्याभरात दिलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घाला, रिकाम्या असल्या तरी.